रिकामी खुर्ची सोडून बाकी सगळं

मी, खाली सही करणार, पूर्वीचा धंदा राज्य करणे व लढाया, सध्याचा धंदा सुऱ्या-कात्र्यांना धार लावणे, राहणार पाववाल्या बाईंच्या भट्टीवरची मागची खोली, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र आज राजीखुशीने लिहवून घेत आहे. छातीने साथ सोडत आणली आहे आणि उजवा हात थरथरतो, म्हणून अक्षर दस्तलेखकाचं आहे. डोकं मात्र माझं असून ते ताळ्यावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणू शकतील अशी माणसं मी पूर्वीच संपवली, आणि जी उरली त्यांना माझ्याकडून काही नको आहे.

सुरुवातीलाच एक अडचण नोंदवतो. सरकारी दप्तराप्रमाणे मी अठरा वर्षांपूर्वी वारलो आहे. हे ऐकून दस्तलेखकाने लेखणी खाली ठेवली. म्हणाला, "आजोबा, मयत माणसाचं मृत्युपत्र मी कसं लिहू?" मी म्हणालो, "उलट सोपं आहे. अंमलबजावणीसाठी तुम्हाला कोणाच्या मरणाची वाट बघायला नको." तो हसला नाही, पण लेखणी उचलली. गल्लीत मला मयतराव म्हणतात. पोरंसोरं मयतआजोबा म्हणतात. मी दोन्हींना ओ देतो, म्हणून या कागदातही तेच नाव चालवावं. जुनं नाव दगडावर कोरलेलं आहे, त्याला हात लावायचा मला अधिकार नाही.

माझी स्थावर मिळकत काही नाही. एके काळी डोंगरापासून समुद्रापर्यंत होती. जंगम मिळकत या खोलीत मावते आणि तिची वाटणी खाली केली आहे. वाटणीखेरीज या कागदात माझं एकच मागणं आहे. ते नवव्या कलमात येईल. ज्याला घाई असेल त्याने तेवढंच वाचावं.

कलम पहिले. माझी सख्खी धाकटी बहीण, धंदा इस्त्रीचं दुकान, राहणार इथून दोन गल्ल्या पलीकडे, हिला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. सुईसुद्धा नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नसून मुद्दाम केलेलं आहे. लोक म्हणतील, म्हाताऱ्याने मरेपर्यंत डूख धरला. म्हणू देत. कारण आहे, आणि ते शेवटी सांगेन.

कलम दुसरे. तलवार. ही तलवार आकाशातून पडलेल्या लोखंडाची होती आणि तिचा मालक जिवंत असेतो ती गंजत नसे. माझ्या आजोबांनी ती समुद्रात हरवली होती. कोळ्यांच्या जाळ्यात सापडली तेव्हा लखलखीत होती, म्हणून आजोबा कुठेतरी जिवंत आहेत हे घरच्यांना कळलं आणि ते खरोखरच एका बेटावर सापडले. अशी तलवार. मला मयत ठरवल्याच्या आठवड्यातच तिच्यावर तांबूस ठिपके आले. मी घासघास घासली, तेलात ठेवली, शिव्या दिल्या. काही उपयोग झाला नाही. माणसं कायद्याला घाबरतात हे मी समजू शकतो, पण लोखंडानेही बाजू बदलावी, हे मला फार लागलं.

मग एके दिवशी चिडून मी तिचे तुकडे पाडून घेतले आणि स्वतः धार लावली. लांब तुकड्याची पाव कापायची सुरी झाली, ती पाववाल्या बाई आधीपासून वापरतात, ती त्यांचीच राहील. आखूड तुकड्याची चामडं कापायची रापी झाली, ती कोपऱ्यावरच्या मोच्याकडे आहे, ती त्याची. त्या दोघांच्या हातात गेल्यावर तिचा गंज थांबला, हे मोच्याने मला सांगितलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. मूठ माझ्या उशाखाली आहे. ती वितळवून काय येईल ते पाववाल्या बाईंनी ठेवावं.

कलम तिसरे. धार लावण्याचं चाक, त्याचा पट्टा, सहाण आणि पाण्याचं भांडं पाववाल्या बाईंना. चाक पायाने मारताना डावीकडे ओढतं, ते दुरुस्त करू नये. त्याला तशीच सवय आहे. पाववाल्या बाईंनी मला खोली दिली तेव्हा विचारलं होतं, "तुम्ही ते मेलेले राजे ना?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरं. पायपुसण्यावर पाय पुसून वर या." एवढ्या सरळ शब्दांत माझं स्वागत आयुष्यात कधी झालं नव्हतं.

शेजारचा न्हावी, जो पूर्वी माझ्या फौजेत होता आणि ज्याने मला प्रत्येक लढाईच्या सकाळी दाढी करून दिली, त्याला चाक हवं होतं. पण दस्तलेखकाने कायदा सांगितला की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला त्यावर साक्षीदार म्हणून सही करता येत नाही. मी न्हाव्याला विचारलं, "चाक घेतोस की सही करतोस?" तो बराच वेळ हनुवटी खाजवत बसला. मग म्हणाला, "चाक काय, बाजारात मिळतं." त्यामुळे त्याला काही नाही.

कलम चौथे. आसन. ही माझी मिळकत नाही आणि तिच्यावर माझा किंवा माझ्या रक्ताच्या कोणाचाही दावा नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी कारस्थानी माणूस माझं नाव पुढे करून तंटा उभा करणार नाही. पण ज्या तरुण मंडळींनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना आसन म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

दरबारात एक दगडी आसन होतं. दगड काळा, उन्हाळ्यातही गार. आमच्या घराण्याचा नियम असा की ते आसन कधी गार पडू द्यायचं नाही. राजा लढाईला गेला की त्याच्या रक्ताच्या कोणीतरी त्यावर बसून राहायचं, जेवण तिथे, झोप तिथे. रक्ताचा दुसरा माणूस येऊन बसला तरच पहिल्याने उठायचं. हात लावणारी म्हणून एक म्हातारी नेमलेली असे. ती रोज येऊन दगडाला तळहात लावून बघे. दगड गार लागला तर राजा मेला असं धरून घंटा वाजवायची, आणि घंटा वाजली की फौजेची शपथ त्याच क्षणी सुटायची, मग फौज कुठेही असो, शत्रूच्या तोंडात असो. राजा प्रत्यक्षात मेला की नाही हा प्रश्नच नाही. दगड सांगेल ते खरं.

बरा नियम होता की वाईट, मला ठाऊक नाही. मी त्या आसनावर कधी दिवसरात्र बसून पाहिलं नाही. माझ्या वाट्याला आसन फार कमी आलं, मी सदा घोड्यावर. आसन होतं धाकटीच्या वाट्याला.

आमच्या घरात रक्ताची माणसं उरली होती तीन. मी, धाकटी आणि तिचा मुलगा. धाकटीचा नवरा माझ्याच एका लढाईत गेला होता. पहिल्यांदा तिला बसायला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "दादा, किती दिवस?" मी म्हणालो, "जाऊन आलोच." पुढे प्रत्येक मोहिमेच्या वेळी मी हेच म्हणालो आणि पुढे पुढे तिने विचारणं सोडून दिलं. मी दक्षिणेचे घाट घेतले, बेटं घेतली, बोलणारी नदी घेतली, जी नंतर आमच्याशी बोललीच नाही. पोवाड्यांत हे सगळं आहे. पोवाड्यांत नाही ते एवढंच की ती वर्षं एक बाई पाठीला उशी लावून दगडावर बसून होती, आणि मी नसताना राज्य तीच चालवत होती. सारा तिने कमी केला, पूल तिने बांधले. लोक जयजयकार माझा करायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तिला पाय मोकळे करायला मिळायचे ते मुलामुळे. त्याला आम्ही भिंगरी म्हणत असू, कारण तो एका जागी म्हणून थांबत नसे. तरी आई जेवून, अंघोळ करून येईपर्यंत तो आसनावर मांडी घालून बसायचा, हात लावणारीला वाकुल्या दाखवायचा, आणि आई आली की उडी मारून पळायचा. त्याचं एवढंसं बूड दगडाला पुरायचं. मी त्याला म्हणालो होतो, "राज्य तुझ्या बुडावर चाललंय रे." त्याला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. भेटेल त्याला सांगत सुटला होता.

कलम पाचवे. माझे मोहिमेचे बूट, टाचा नव्या बसवलेले, निरोप्याला द्यावे. तो आता म्हातारा झाला आहे आणि घोड्यांच्या पागेमागे राहतो. त्याच्या पायांना ते सैल होतील, कापूस घालावा.

हा निरोप्या शेवटच्या मोहिमेत राजधानी आणि छावणी यांच्यात ये-जा करत होता. आणखी एक नियम सांगायचा राहिला. लढाईवरच्या राजाला घरची बातमी द्यायची नाही, लढताना त्याचा हात डगमगायला नको म्हणून. निरोप एकच, ठरलेला: आसन उबदार आहे. बाकी काही सांगायचं ते राजाने स्वतः विचारलं तरच.

मी तेव्हा धुक्याच्या किल्ल्याखाली तळ देऊन होतो. हा किल्ला धुक्याबरोबर येई आणि धुक्याबरोबर जाई. धुकं विरळ होण्याच्या थोड्या वेळात जो आत शिरेल त्याचा तो. माझ्या बापाने तो फक्त पाहिला होता, आजोबांनी तर नुसता ऐकला होता. मला तो घ्यायचा होता. गरज होती का? मुळीच नव्हती. त्या किल्ल्याने आमचं काही वाकडं केलं नव्हतं. सगळं घेऊन झालं होतं आणि तेवढाच राहिला होता, इतकंच कारण.

निरोप्या एक दिवस वेळेच्या फार आधी आला. घोडा फेसाळलेला. मी दुर्बिणीला डोळा लावून उभा होतो, धुकं पातळ होत होतं. तो म्हणाला, "आसन उबदार आहे, महाराज." मी म्हणालो, "ठीक." तो गेला नाही. तिथेच उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघत. मला दिसत होतं की तो मी विचारायची वाट बघतो आहे. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, उत्तर मिळालं असतं तर निघावं लागलं असतं, आणि निघालो असतो तर तो किल्ला पुन्हा माझ्या हयातीत आला नसता. हे सगळं त्या वेळी मी एवढं उलगडून मनात म्हटलं नव्हतं. मी फक्त दुर्बिणीतून डोळा काढला नाही.

बऱ्याच वर्षांनी तो सुरीला धार लावायला आला तेव्हा चाक थांबवून मी म्हणालो, "तू सांगायला हवं होतंस." तो म्हणाला, "तुम्ही विचारायला हवं होतंत. मी घोडा मरेस्तोवर दामटला होता त्यासाठी." मी चाक पुन्हा सुरू केलं. बूट त्याला द्यावे.

किल्ला मी घेतला. आत काय होतं हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही, तरी इथे लिहून ठेवतो. एक विहीर होती, एक मोडकी खाट होती, आणि भिंती. दुसऱ्या दिवशी धुकं विरलं तसा किल्लाही गेला, आणि आम्ही सगळे माळावर उभे होतो.

कलम सहावे. सेनापती, जे सध्या राज्य चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांच्या नावे मी त्यांच्यावरचा माझा राग करून ठेवतो. सोबत नेत नाही. तो त्यांनी कसाही वापरावा.

आमच्यात परतताना राजाने सर्वांत शेवटी आत यायचं असतं. शेवटचा सैनिक, शेवटचं खेचर वेशीच्या आत गेलं आणि माझा घोडा वेशीच्या कमानीखाली आला, तेव्हा घंटा वाजली. वर लोकांनी फुलं हातात धरली होती, ती तशीच राहिली. मला वाटलं, जयाची घंटा. सेनापती माझ्या पुढे होता, तो वळला. त्याने शिरस्त्राण काढलं, माझ्या घोड्याचा लगाम धरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "उतरा आता." महाराज म्हणाला नाही. मी हुकूम दिला, की ह्याला धरा. मग पुन्हा दिला. आयुष्यभर माझ्या शब्दावर मरायला निघणारी ती माणसं माझ्याकडे बघतही नव्हती, माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होती. मयताला अटक होत नाही, शिक्षा होत नाही, त्याचा कोणी खूनही करत नाही. त्याला फक्त कोणी वाट देत नाही. दरबारापर्यंत मी गर्दीत धक्के खात चालत गेलो.

पण माझा राग त्याचा नाही. तो कायद्याने वागला. माझा राग त्याने माझ्या दफनाला केलेल्या भाषणाचा आहे. मी मागच्या रांगेत उभा राहून ते ऐकलं. माझं चिलखत खड्ड्यात ठेवलं होतं आणि हा माणूस सांगत होता की राजा किती मायाळू होता, घरच्यांसाठी कसा झुरायचा. भाषण चांगलं होतं, पण त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि लोक रडले ते नेमके त्या निम्म्याला.

कलम सातवे. फळीवरची बाटली. हिरवट काच, लाकडी बूच, वरून मेण. हिच्यात धुकं आहे. निघताना भिंगरीने मला सांगितलं होतं, "मामा, मला थोडं धुकं आण." मी त्या किल्ल्याच्या विहिरीवरून ही भरून घेतली आणि खोगिराच्या पिशवीत जपून आणली. एवढी वर्षं झाली, धुकं आहे तसं आहे. सकाळी दाट होतं, दुपारी तळाशी बसतं.

ही बाटली माझा भाचा भिंगरी यास. दस्तलेखक म्हणतो, मयताच्या नावे काही देता येत नाही. मी म्हणालो, "एक मयत दुसऱ्याला देतोय, तुमचं काय जातं?" मग त्याने लिहिलं.

पोरगा घशाच्या दुखण्याने गेला. ताप चढला तेव्हा त्याची खोली दरबारापासून तिसरी होती. आजारी माणसाला दरबारात आणायचं नाही, हाही नियमच. धाकटीने हात लावणारीचे पाय धरले, की खाट दारापर्यंत तरी आणा. म्हातारी म्हणाली, "बाईसाहेब, मी नियम केलेला नाही." दारं उघडी ठेवली होती. पोर तिला हाका मारत होतं आणि ती आसनावरून ओ देत होती. तिला उठता येत नव्हतं, कारण आसन सांभाळायला रक्ताचा तिसरा माणूस म्हणजे मी, आणि मी दुर्बिणीला डोळा लावून उभा. ती उठली असती तर त्या धुक्यात फौजेची शपथ सुटली असती आणि हजारो पोरं कापली गेली असती. तीही कोणाची तरी होती. म्हणून ती बसून राहिली. पहाटे पहाटे हाका थांबल्या. त्यानंतरही, आम्ही माळ ओलांडून घरी पोहोचेपर्यंत, ती बसून राहिली. फौज सगळी आत आली, मी तेवढा कमानीखाली राहिलो, तेव्हा ती उठली, दगड गार पडला आणि म्हातारीने घंटा वाजवली.

पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आलो की बहिणीने मला दगा दिला, का दिला ते मला कळत नाही. मला कळत होतं.

मी दरबारात पोहोचलो तेव्हा ती दगडाच्या बाजूला उभी होती. पाय सुजलेले, भिंतीला हात टेकलेला. मी ओरडणार होतो. ती म्हणाली, "सगळे आले ना आत?" एवढंच. माझ्या हातात ही बाटली होती.

कलम आठवे. माझा एक चांगला शर्ट आहे. तो मी न्हाव्याकरवी धाकटीच्या दुकानात इस्त्रीला पाठवतो. कोणाचा म्हणून ती विचारत नाही, आणि माझा उजवा खांदा जखमेने खाली आलेला आहे त्याप्रमाणे तो शर्ट घडी होऊन येतो. म्हणजे तिला कळतं. पैसे ती पुरते घेते. आम्ही बोललेलो नाही. तिच्या दुकानात बसायला काही नाही, स्टूलसुद्धा नाही. ती दिवसभर उभी असते. गल्लीतल्या बायका सांगतात की त्या दिवसानंतर तिला कोणी बसलेलं पाहिलं नाही, जेवतेही उभ्याने. शर्ट या क्षणी तिच्याकडेच आहे. तो मला शेवटचा घालावा.

कलम नववे. माझं मागणं.

माझ्या नावाचा दगड घराण्याच्या दफनभूमीत आहे आणि त्याखाली माझं चिलखत आहे. एका नावाला दोनदा जागा मिळत नाही. दफनभूमीच्या हद्दीच्या शेवटच्या खुणेपलीकडे बेवारशांना पुरतात, तिथे माझी सोय होऊ शकते, त्यात मंडळाची हरकत नाही, मी विचारून घेतलं आहे. पण माझ्या दगडाच्या शेजारचा दगड भिंगरीचा आहे. ती जमीन, घराण्यातली शेवटची जिवंत व्यक्ती म्हणून, धाकटीच्या नावे आहे. तिने चिलखत उकरून काढू दिलं तरच मला तिथे ठेवता येईल. दुसऱ्या कोणाच्या हातात ते नाही आणि कायद्यातही ते नाही, मी सगळं धुंडाळलं.

मला त्या पोराशेजारी जायचं आहे. बाटली घेऊन जायचं आहे. याहून वेगळ्या शब्दांत मला मागता येत नाही; मागायची सवय नाही. आयुष्यभर मी घेतलं.

धाकटीने या कागदावर साक्षीदार म्हणून सही करावी आणि सहीच्या वर हो की नाही ते लिहावं. ती आलीच नाही, तर ते नाही समजावं, आणि कोणी तिला बोल लावू नये. पहिल्या कलमाचं कारण हेच. तिला मी एक सुई जरी दिली असती तरी तिला सही करता आली नसती. मला ती या खोलीत यायला हवी होती, आणि बोलावण्यासाठी माझ्याकडे दुसरं निमित्त उरलं नव्हतं.

कलम दहावे. या खोलीत एक लाकडी खुर्ची आहे, खिडकीजवळ, पाठीला उशी असलेली. तिच्यावर मी कोणाला बसू दिलेलं नाही. न्हावी नेहमी खाटेच्या कडेवर बसतो आणि म्हणतो, राजेपण अजून गेलं नाही तुमचं. तिची वाटणी मी करत नाही. ती आहे तिथे राहू द्यावी.

आसनाचा तो दगड आजही त्याच दरबारात आहे. दरबाराची नोंदणी कचेरी झाली आहे आणि नंबर येईपर्यंत लोक त्याच्यावर बसतात. हे मृत्युपत्र नोंदवायला न्हावी जाईल तेव्हा त्यालाही तिथेच बसावं लागेल. तो दगड आता कधी गार पडत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. या खेपेला मी जाऊन आलोच असं कोणाला सांगत नाही.

ठिकाण: पाववाल्या बाईंच्या भट्टीवरची मागची खोली.
दिनांक: मंडळाच्या राज्याचं अठरावं वर्ष, उन्हाळ्याच्या अखेरचा बाजाराचा दिवस, दुपार.

लिहून देणार: (सही थरथरती) मयतराव, पूर्वीचे राजे.

साक्षीदार पहिला: शेजारचा न्हावी. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. दाढी मी सकाळीच करून दिली आहे.

साक्षीदार दुसरा: इस्त्रीवाली, लिहून देणाऱ्याची सख्खी धाकटी बहीण. सगळा कागद वाचला. मला यातून काही मिळत नाही, हे मान्य. शेजारी नको. भिंगरीच्या पायाशी जागा आहे, तिथे चालेल. तो लहान होता, पायाशी पुष्कळ जागा उरली आहे. चिलखत आहे तिथेच असू द्या. बाटली भिंगरीच्या उशाशी ठेवावी, पण त्याआधी बूच मी काढीन. शर्ट आणला आहे. दादाला सांगावं.

दस्तलेखकाची टीप: नोंदणी कचेरी अशा टिपा मागत नाही, तरी जोडतो. दुसऱ्या साक्षीदार बाई शर्ट घेऊन आल्या आणि त्यांनी सही उभ्याने केली. त्यांनी लिहिलेलं मी लिहून देणाऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पायाशी. बरं." मग त्यांनी डोळे मिटले. बाई खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेल्या, तिच्या बैठकीवर तळहात ठेवला आणि बसल्या. खालच्या भट्टीतला पावांचा दुसरा घाणा निघाला तोवर लिहून देणाऱ्यांचा श्वास थांबला होता. न्हाव्याने नाकाशी आरसा धरून खात्री केली. तो बाईंना म्हणाला, "ताई, झालं. उठा आता." बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "जरा बसू दे. मी उठले की गार पडेल."